काजूच्या डोंगरावरून आलेला ताप

एप्रिलमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात तापाचे रुग्ण निघतातच. त्यामुळे त्या दिवशीच्या यादीत कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. एका गावात एक, ओढ्यापलीकडच्या गावात एक, जांबोटीकडे दोन, दूर नंदगडच्या बाजूला आणखी एक. नकाशावर ठिपके विखुरलेले होते. एकाच गावात रुग्ण वाढले की आमचं लक्ष लगेच जातं. इथे तसं एकही गाव नव्हतं.

तालुक्यातल्या साथरोग सर्वेक्षणाचं काम मी बघतो. पूर्वी उपकेंद्रांचे कागद आठवड्यातून एकदा यायचे आणि कागद पोहोचेपर्यंत साथ पुढच्या गावात गेलेली असायची. आता एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, म्हणजे आयएचआयपीवर, सिस्टर टॅबवरून रोज लक्षणं भरतात, डॉक्टर संशयित निदान भरतात, लॅब आपला निकाल टाकते. देशभर हे 5 एप्रिल 2021 पासून सुरू झालं, आमच्या कर्नाटकात थोडं आधीच. याचं मोल मला ठाऊक आहे. सकाळी भरलेला रुग्ण दुपारी माझ्यासमोर असतो.

त्या दुपारी माझी नजर अडली ती वयाच्या रकान्यावर. सगळे वीस ते पन्नासच्या मधले. एकही पोर नाही, एकही म्हातारं माणूस नाही. गावात डास वाढून डेंगी आला तर तो वय बघत नाही, शाळेतली पोरंही तापतात. शिवाय ज्यांची डेंगीची चाचणी झाली होती ती निगेटिव्ह होती आणि प्लेटलेट मात्र उतरलेल्या. म्हणजे हा ताप कामावर जाणाऱ्यांचा होता. पण काम कुठलं, ते यादी सांगत नव्हती. यादीत घरचा पत्ता होता.

मग एकेकाला फोन लावायला घेतले. पहिल्यानेच सांगितलं, "काजूत गेल्तो ओ साहेब, गोव्याला." दुसऱ्याचं तेच. तिसऱ्या घरी बाईने फोन उचलला. म्हणाली, "मालक निजल्यात, डोकं उचलवंना झालंय. आमी सगळी एकाच खोपीत ऱ्हात होतो की." मी एक्सेलमध्ये नवा रकाना घातला, 'गेल्या पंधरा दिवसांत काम कुठे', आणि त्यावरून यादी पुन्हा लावली. विखुरलेले ठिपके एका जागी आले. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बाजूची एकच काजूची बाग, आणि मुकादमही एकच.

आमच्या भागातल्या कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात इथे एकच नाव येतं, माकडताप. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात या विषाणूचा शोध लागला. 2015 मध्ये तो सत्तरीत दिसला, 2016 मध्ये दोडामार्गात. माकडांतून माणसात तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. गोचिडीची पिल्लं तिळाहून बारीक असतात आणि बागेतल्या पालापाचोळ्यात बसणाऱ्याला चिकटतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी दुसरं शरीर शोधतात. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप चढतो. आमची माणसं तोवर हिशेब घेऊन घरी आलेली असतात.

मॅडमनी, म्हणजे आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, रक्ताचे नमुने त्याच संध्याकाळी शिवमोग्याला रवाना केले. मी मुकादमाच्या घरी गेलो. टोळीत किती माणसं होती, नावं काय, कुठे आहेत, काही म्हणता काही सांगेना. त्याची भीती मला कळत होती. बागवाल्याने पुढच्या साली बोलावलं नाही तर वीस घरांची चूल अडणार. मी त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. गावात कुणाची बायको कशी पडून आहे ते सांगत राहिलो. शेवटी त्याने स्वतःच मोबाइल काढला. सगळ्यांना उचल त्याने फोनपेवरून दिली होती. पैसे गेलेले एकेक नाव त्याने वाचलं, मी लिहून घेतलं. मग बागेचं लोकेशन व्हॉट्सअॅपवर पाठवलं. टोळीची हजेरी कुठल्या वहीत नव्हती, ती त्या पैशांच्या नोंदीत होती.

लोकेशन घाटाखालच्या आरोग्य केंद्रात पोहोचलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लगेच उलट फोन केला. त्याच डोंगराच्या अंगाला माकड मेल्याची खबर त्यांच्याकडे होती, पण माणूस आजारी नव्हता. आमच्याकडे आजारी माणसं होती, माकड नव्हतं. अर्धी अर्धी माहिती राज्याच्या हद्दीच्या दोन बाजूंना पडून होती. पत्रव्यवहार नंतर झाला. फवारणी आणि बागेत उरलेल्या मजुरांची तपासणी त्या फोनवरच सुरू झाली.

नमुन्यांपैकी काही पॉझिटिव्ह आले. या तापावर खास औषध नाही. सलाईन, प्लेटलेटवर नजर आणि रक्तस्राव होतो का ते बघणं, एवढंच हातात असतं. काहींना आठ-पंधरा दिवस बरं वाटून ताप उलटतो आणि तो मेंदूवर जाऊ शकतो. म्हणून मुकादमाने दिलेल्या यादीतल्या प्रत्येकाला, बरं वाटणाऱ्यालाही, आशाताई रोज फोन करत होत्या. जांबोटीकडच्या एका बाईला परत ताप भरला आणि ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा फोनवर हे ताईंच्याच कानावर आलं. तासाभरात तिला बेळगावला हलवलं. ती वाचली. टोळीतलं कुणीच दगावलं नाही.

आता हंगामाआधी आशाताई कोण कुठल्या बागेत जाणार याची नोंद मोबाइलवर घेतात, मुकादमाच्या नंबरासकट, आणि निघताना गोचिडीपासून राखणारं डेपा तेल हातात देतात. हे आम्ही आमच्यापुरतं केलं. पण खानापूर, सत्तरी, दोडामार्ग आणि चंदगड या तालुक्यांतला ताप एकाच पडद्यावर दिसला पाहिजे आणि कामाची जागा पत्त्याच्या शेजारीच विचारली गेली पाहिजे. तसं मी वर लिहून पाठवलं आहे, आणि दर बैठकीत पुन्हा मांडतो आहे.