सहा पिंजरे, दोन रिळं आणि दोरीची टोकं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गल्लीत मी गळाची रिळं उघडून दुरुस्त करतो. पौर्णिमेनंतरच्या त्या सोमवारी दुकान उघडतोय तोच चौघं जण आले. चौघंही नोकरदार, सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारे. शनिवारी दुपारच्या ओहोटीला त्यांनी कंबोईजवळ, महीच्या मुखाशी, खेकड्यांचे दहा पिंजरे लावले होते. रविवारी दुपारी गेले तर चारच पिंजरे जागेवर. बाकी सहांच्या जागी बांबूच्या खुंटाला नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. घरी पोहोचल्यावर कळलं की गाडीतली दोन रिळांची पिशवीही गायब आहे.

त्यांच्या पिंजऱ्यांशेजारी तिथल्या मच्छीमारांची खुंटांवर बांधलेली जाळी होती. चोर कोण, हे त्यांनी येता येता गाडीतच ठरवून टाकलं होतं. सगळ्यात तरुण होता तो म्हणाला, "काका, दोऱ्या कापल्यात एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. उद्या जाऊन त्यांना दाखवतो."

सहा दोऱ्या त्यांनी खुंटावरून सोडून पिशवीत आणल्या होत्या, हे फार चांगलं केलं. बहुतेक जण रिकामी दोरी रागानं तिथेच टाकून येतात. पिंजरा कसा गेला याचा पुरावा त्या टोकातच असतो. मी टोकं गोड्या पाण्यात हलवून चिखल काढला, घासली मात्र नाहीत, आणि पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडली. दोरी 6 मिलिमीटरची, पॉलिप्रॉपिलीनची.

तीन टोकं झाडूसारखी पिंजारलेली होती. प्रत्येक धागा वेगळ्या लांबीवर तुटलेला, टोकाकडे दोरी निमुळती झालेली आणि शेवटच्या दोन इंचांत तांबूस डाग. तो गंजाचा डाग. या मंडळींनी दोरी थेट पिंजऱ्याच्या तारेला बांधली होती. पाण्याच्या ओढीनं पिंजरा हलत राहतो आणि तार दोरीला करवतीसारखी कापत जाते. चाकूनं कापलं असतं तर सगळे धागे एकाच पातळीवर, सपाट तुटले असते आणि गंज इतका आत शिरला नसता. इथे दोरी आणि तार यांच्यामध्ये लोखंडी थिंबल, म्हणजे दोरीच्या फासात बसणारी खाचेची कडी, हवं, किंवा निदान जाड प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा.

पुढच्या दोन टोकांनी चौघांनाही गप्प केलं. दोरी विकत आणल्यावर यांनीच लायटरनं टोकं वितळवून गोळी केली होती, धागे सुटू नयेत म्हणून. ती गोळी दोन्ही टोकांवर जशीच्या तशी होती. त्यामागे दोरी वेटोळी झालेली, गाठीचा पीळ अजून तिच्यात बसलेला. म्हणजे कापलं कोणीच नव्हतं, गाठ निसटली होती. नवी पॉलिप्रॉपिलीनची दोरी गुळगुळीत असते. भरती-ओहोटीत ताण येतो, जातो, पुन्हा येतो आणि त्यात चांगली बांधलेली गाठही हळूहळू सैल पडते. माझा हिशेब असा आहे : गाठीनंतर दोरीच्या जाडीच्या बारापट तरी शेपूट सोडायचं, म्हणजे 6 मिलिमीटरच्या दोरीला साधारण 7 सेंटिमीटर, आणि ते शेपूट मुख्य दोरीला सुतळीनं गुंडाळून आवळायचं. यांचं शेपूट जेमतेम बोटाच्या रुंदीएवढं लांब होतं.

सहावी दोरी मात्र खरोखर कापलेली होती. तिरका, स्वच्छ काप, एकाच घावात. पंख्याचा काप असा नसतो. बोटीच्या पंख्यात दोरी सापडली तर ती आधी पिळवटते, दोन-तीन ठिकाणी तुटते आणि घर्षणाच्या उष्णतेनं काही धागे वितळून चकाकतात. इथे तसं काहीच नव्हतं.

"बघा!" तरुण म्हणाला. पण चाकूचा काप म्हणजे चोरी असं लगेच होत नाही. ओढीच्या पाण्यात सुटलेली दोरी शेजारच्या जाळ्यात गुंडाळली गेली, तर ओहोटी संपायच्या आत जाळं मोकळं करायला मच्छीमाराकडे दोरी कापण्याखेरीज उपाय नसतो. त्याचं त्या दिवसाचं पोट त्या जाळ्यात असतं.

आणखी एक गोष्ट विचारली. शनिवारी रात्री काही दिसलं होतं का? तेव्हा कळलं की संशय खरं तर रात्रीच सुरू झाला. भरतीच्या वेळी बॅटरीच्या उजेडात एकही बोया, म्हणजे पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा, दिसला नव्हता. आता हिशेब पाहा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सगळ्यात मोठा. भावनगरच्या बाजूला उधाणाला तो 10 मीटरच्या पुढे जातो. कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत पाण्याखाली जातं, हे तर भाविकही बघतात. अशा ठिकाणी, तेही पौर्णिमेच्या उधाणात, यांच्या बोयाच्या दोऱ्या 6 मीटरच्या. बोया बुडणारच. दोरी पुरेशी असली तरी ऐन ओढीत लहान बोया पाण्याखाली खेचला जातो आणि पाणी स्थिरावतं तेव्हाच वर येतो. दोरी खोलीच्या दीडपट आणि बोया दुधाच्या कॅनएवढा असेल तरच तो दिसेल. पण तरंगणारी दोरी लांब ठेवली की तिची वेटोळी पाण्यावर पसरतात आणि बोटीच्या पंख्यात जातात; म्हणून वरचा तिसरा हिस्सा शिशाच्या लहान मण्यांनी जड करावा किंवा बुडणारी नायलॉनची दोरी वापरावी. यांचा पिंजराही हलका, तीन किलोच्या आतला. उधाणाला तो तळावर लोळतो. तळाला 10 मिलिमीटरच्या सळईचे तुकडे तारेनं बांधून चार-पाच किलोचा भार द्यायला हवा. खरं तर अशा पाण्यात भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, अष्टमीच्या आसपास जावं.

लेटरहेडवर मी काहीच लिहून दिलं नाही. सहा टोकांचे पट्टीसह फोटो काढून दिले आणि एवढंच सांगितलं की उद्याच्या ओहोटीला जा, पण आधी तिथल्या लोकांना विचारा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे मंगळवारी शनिवारपेक्षा साधारण अडीच तास उशिरा. पिंजरे ओढीबरोबर वाहत जातात आणि नाळीच्या, म्हणजे चिखलातल्या पाण्याच्या वाटेच्या, वळणावर रुततात.

रिळांची गोष्ट वेगळी. पिशवी गाडीतून गेली, ती पाण्यानं नेलेली नाही. त्यांना बिलं शोधायला सांगितलं आणि ते गेले.

दुपारी चारच्या सुमाराला जुनं सामान विकणारा एक भाई रीळ घेऊन आला. 4000 आकाराचं स्पिनिंग रीळ, वर ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी (ब्रेड) भरलेली. "हँडल जड फिरे छे, साफ करी आपो." रीळ उलटं केलं. पायाच्या, म्हणजे रॉडवर बसणाऱ्या भागाच्या खालच्या बाजूला, जिथे नंबर असतो तिथे ताजी कानस मारलेली, उघडं ॲल्युमिनियम चकाकत होतं. नंबर कोणीही प्रामाणिक माणूस कानसीनं घालवत नाही. पण नंबर गेला म्हणून ओळख गेली असंही नाही.

मी पावती फाडली, नाव-फोन लिहून घेतला, काम नोंदवलं. मग तो समोर असतानाच बाजूचं झाकण उघडलं, कारण साफ करायचं तर ते उघडावंच लागतं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेला माझ्या वहीतला नंबर होता. दुकानात आलेल्या प्रत्येक रिळावर मी तो तिथेच कोरतो, कारण झाकण उघडल्याशिवाय तो दिसत नाही. वहीत त्या नंबरासमोर नोंद : मुख्य गियरमागे 0.1 मिलिमीटरचा जादा शिम (पातळ चकती) घातला, लाइन रोलरचं (दोरी ज्यावरून सरकते त्या चाकाचं) बेअरिंग बदललं. शिम जागेवर होता. रीळ सकाळच्या चौघांपैकी एकाचं होतं.

इथे हात आखडता घ्यावा लागतो. पुढे काहीही उघडलं, पुसलं, ग्रीस काढलं तर तो पुरावा बिघडतो. झाकण परत लावलं आणि त्या भाईंना म्हटलं, उद्या या. ते स्वतः चोर आहेत असं मला वाटत नव्हतं. पावतीवर त्यांनी खरा फोन लिहिला होता. पण चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं-ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली. तो त्यांच्यावर येतो तसा, मी गप्प बसलो तर, माझ्यावरही येऊ शकतो.

मालकाला फोन केला, पण रीळ सापडलं हे आधी सांगितलं नाही. आधी विचारलं, "तुमच्या रिळावर ब्रेडच्या खाली काय भरलंय?" ते म्हणाले, स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चाकीवर) इन्सुलेशन टेपचे दोन फेरे, त्यावर पिवळा तंगूस, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी, 0.30 मिलिमीटरची, आणि त्यावर हिरवी ब्रेड. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरते म्हणून खाली तंगूस भरतात. चोराला तो दिसत नाही, विकणाऱ्यालाही नाही. हे उत्तर वेळ टाकून मी कागदावर लिहिलं, मगच बातमी सांगितली. वस्तू आधी दाखवून "हीच का?" विचारलं की कोणीही हो म्हणतो आणि कोर्टात तिथेच बोट ठेवलं जातं.

संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पिशवी कंबोईला गेली की वाटेत चहाला थांबले तिथे, हे मालकाला नक्की माहीत नव्हतं. त्यामुळे हद्दीचा प्रश्न निघाला. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते. किमतीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी पोलीस स्वतःहून तपासू शकत नाहीत, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. दोन्ही रिळांची बिलं एकत्र लावली तेव्हा रक्कम त्याच्या बरीच वर गेली. बिल नसतं तर जुन्या रिळाची किंमत समोरचा सांगेल तीच झाली असती. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती तिथल्या तिथे घेतली. तक्रारीत पिंजऱ्यांबद्दल एक शब्दही घातला नाही. तरुणानं थोडा आग्रह धरला, पण दोरीच्या फोटोंकडे बघून तोच थांबला.

दुसऱ्या दिवशी दुकानातच पंचनामा झाला. पंचांसमोर दोरी उलगडली : हिरवी ब्रेड, खाली पिवळा तंगूस, त्याखाली टेपचे दोन फेरे. झाकण उघडून नंबर दाखवला, वहीच्या पानाचा फोटो जोडला. त्या भाईंनी कोणाकडून घेतलं ते सांगितलं आणि पोलीस तिकडे गेले.

दुसरं रीळ मिळालं नाही. मालकाकडे त्याच्या पायावरच्या आकड्यांचा फोटो होता, पण तो उत्पादनाचा कोड निघाला. बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त रिळांवर महिना आणि कारखाना सांगणारा कोड असतो. तोच हजारो रिळांवर छापलेला असतो. फोटो काढताना एवढं बघा की आकडे खोक्यावरच्या आणि वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी जुळतात का. जुळत नसतील तर स्वतःची खूण हवी, तीही दोन जागी. एक दिसणारी, चोराला घाबरवायला. दुसरी लपलेली, ओळख पटवायला. रिळाला स्पूल काढल्यावर दिसणाऱ्या भागावर. रॉडला रीळ बसवायच्या जागेजवळ दोऱ्याच्या गुंडाळीखाली नावाची कागदी पट्टी ठेवून वरून एपॉक्सी. पिंजऱ्याला बाहेर ॲल्युमिनियमचा ठोकलेला बिल्ला आणि आत आमिषाच्या डबीखाली चौकटीवर लोखंडी ठशानं ठोकलेली अक्षरं. मार्कर पेन खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही.

त्याच मंगळवारी बाकी तिघं कंबोईला जाऊन आले. कापलेल्या दोरीचा पिंजरा एका मच्छीमाराच्या खोपटाशी ठेवलेला होता. दोरी त्यानंच कापली होती, जाळ्यात अडकली म्हणून, आणि मालक येईल म्हणून पिंजरा उचलून ठेवला होता. त्यानंच नाळीच्या वळणावर आणखी दोन रुतलेले पिंजरे दाखवले. उरलेले तीन सापडले नाहीत. मला त्यांची जास्त काळजी वाटते. हरवलेला पिंजरा खेकडे धरतच राहतो. आतला मेला की तोच पुढच्यांना आमिष. यांच्या पिंजऱ्यांची दारं नायलॉननं बांधलेली होती, ती वर्षानुवर्षं कुजणार नाहीत. दार सुती सुतळीनं बांधलं की काही आठवड्यांत ती कुजते, दार उघडतं आणि आतला जीव बाहेर पडतो. नव्या पिंजऱ्यांना आता तेच केलंय.

रीळ सोडवायला मालकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नये. पंचनामा करून, फोटो काढून, हमीपत्र घेऊन तो हक्कदाराला द्यावा. अर्ज मंजूर झाला. पण तोवर रीळ खारं पाणी लागलेल्या अवस्थेतच मालखान्यात पडून होतं. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकदिशा क्लचच्या सुया गंजल्या होत्या, लाइन रोलरचं बेअरिंग जाम झालं होतं आणि ड्रॅगचे, म्हणजे रिळाच्या ब्रेकचे वॉशर चिकटले होते. कानस मारलेला पाय आणि कोरलेलं झाकण यांना हात न लावता फक्त झिजणारे भाग बदलले. जुने भाग तारीख लिहून पाकिटात मालकाकडे दिले, कारण हमीपत्रावर लिहिलंय की खटला संपेपर्यंत वस्तू मागितली की जशी आहे तशी हजर करायची.