चार भोकांचा पावसाळा

बाबांच्या सागवानी टेबलाला चार आरपार भोकं होती. आईने एका उन्हाळ्यात शेवयांचं यंत्र त्यावर बोल्टने पक्कं बसवून घेतलं होतं. यंत्र पुढे भंगारात गेलं, भोकं राहिली. टेबल माझ्याकडे पनवेलला आलं तेव्हा एका सुताराला फोन केला. "चार भोकांसाठी कोण येणार ताई? कपाट वगैरे असेल तर सांगा." रागारागात मीच भरायला बसले.

कृती तशी सोपी. बारीक भुसा घ्यायचा, त्यात सुतारकामाचा पांढरा गम कालवायचा, पुरणासारखा गोळा झाला की जुन्या सुरीने भोकात दाबायचा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं. वखारीतून फुकट आणलेला भुसा मात्र टाकून दिला. जाडाभरडा आणि दहा लाकडांचा मिसळलेला होता. टेबल उलटं करून खालच्या बाजूला 120 नंबरचा पेपर घासला तर त्याच लाकडाची पिठासारखी पूड मिळाली, वाटीभर.

जुलैत हे काम काढू नका. मी काढलं, शिवाय भोक एका दमात गच्च भरलं. वरून कडक, आत ओलं. गम घट्ट होतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यावर, आणि वर साय धरली की आतलं पाणी जाणार कुठून? चौथ्या दिवशी चारही ठिकाणी खळगे पडले. मग सगळं उकरलं, गम लावलेली पेन्सिल भोकात ठोकली (8 मिलीमीटरच्या बोल्टच्या भोकात ती जवळपास बसते), पृष्ठभागाच्या जरा खाली कापली आणि वर दोन पातळ थर दिले, एक आज, एक उद्या. शेवटचा थर किंचित उंच ठेवायचा, तो बसतोच.

इथवरचं मी हसत सांगू शकते. पुढचं नाही.

घासून टेबल तळहातासारखं झालं. दुकानातून सागवानी शेडचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आणला, कापडाने लावला. टेबल मस्त तपकिरी झालं आणि त्यात चार फिकट ठिपके, टक लावून बघणारे. दुकानदाराला विचारलं. "अजून एक हात मारा." मारला. लाकूड आणखी गडद झालं, ठिपके तिथेच, म्हणजे फरक वाढला. परत गेले. "अजून एक हात मारा ना ताई." तिसऱ्यांदा हेच ऐकलं तेव्हा छत्री विसरून घरी आले.

कारण साधं होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. वाळलेला गम रंग पीत नाही. भुशाचा प्रत्येक कण त्याने गुंडाळलेला असतो, मग वरून कितीही हात मारा. त्याहून वाईट म्हणजे भोकांभोवतीची वलयं. सांडलेला गम मी ओल्या फडक्याने पुसला होता, म्हणजे पातळ करून लाकडाच्या रेषांत नीट मुरवला होता. ती वलयं जाईपर्यंत अख्खा पृष्ठभाग परत घासावा लागला, दोन संध्याकाळी. भोकाभोवती आधी चिकटपट्टी लावली असती तर हे टळलं असतं.

म्हणून रंग आधीच मिश्रणात घालायचा. मी काव (तांबडी माती), पिवडी (पिवळी माती) आणि निरांजनाची काजळी वापरली. टेबलाच्या खालच्या बाजूला पाच नमुने लावले, शेजारी पेन्सिलीने आकडे घातले, वाळल्यावर त्यावरही स्टेन फिरवला. ओलं मिश्रण गमामुळे पांढुरकं दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नका. वाळलं की गम पारदर्शक होतो आणि रंग गडदावतो. मला तिसरा नमुना जुळला: चमचाभर पुडीला दोन चिमटी पिवडी, एक चिमूट काव, काजळी नुसती सुरीच्या टोकावर.

हो, आणि सागवान तेलकट असतं, आमच्या भोकांत तर यंत्राचंही तेल होतं. भरण्याआधी कापसाच्या बोळ्याने आतून थिनर फिरवा, खिडकी उघडी ठेवून. हे मला दुसऱ्या खेपेला सुचलं.

टेबलाला एक लांब भेगही आहे. ती भरली नाही. पावसात लाकूड फुगतं, भेग मिटत येते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. कडक भरण तिथे टिकणार नाही. भरलेल्या जागी स्क्रूही धरत नाही.

चारपैकी तीन भोकं आता मलाही शोधावी लागतात. चौथं दिसतं. त्यात काजळी जरा जास्त पडली, पण ते मी आता उकरणार नाही.