लांबणारा सूर कोण खातंय? : घरच्या रेकॉर्डिंगचा तिसरा आठवडा

लॅपटॉपच्या माइकवर घेतलेली अकूस्टिक गिटार ऐकवत नव्हती. म्हणून यूएसबी माइक आणला, तर तीही ऐकवेना. फक्त आता वाईट आहे हे जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं.

तक्रार विचित्र होती. ई मायनरचा कॉर्ड छेडून हात बाजूला घेतला की खोलीत तो बराच वेळ घुमतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दीडेक सेकंदात कोणीतरी वर उशी दाबल्यासारखा बसायचा, मधेच डोकं वर काढायचा आणि गायब. तारा जुन्या झाल्या असतील म्हणून नव्या घातल्या. केबल बदलली. ढिम्म फरक नाही. शेवटी साउंड सेटिंग्ज उघडल्या, तर आत नॉइज सप्रेशन (गोंगाट आपोआप दाबणारं) आणि ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारं) दोन्ही निवांत चालू!

ही सोय मीटिंगमध्ये बोलणाऱ्यांसाठी. बोलणं तुटक असतं, सतत बदलतं. पंख्याची घरघर एकसुरी. म्हणजे जे एकसारखं चालू राहतं तो गोंगाट, असा त्याचा हिशोब. आपला लांबवलेला सूर त्याला पंखाच वाटतो. आणि ऑटो गेन जोरदार स्ट्रमला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडल्या की त्या आवाजाला, दाबतं, शांतता आली की आवाज वर ओढतं, म्हणून पंखाही वर येतो. दोन्ही बंद केलं. पुन्हा ई मायनर. शेवटची थरथर विरेपर्यंत सगळं आलं. त्या रात्री मी दुसरं काही वाजवलंच नाही.

मग माइकची जागा. साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोर, ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. पण गिटारच्या पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि जी कॉर्डचा खालचा सूर, म्हणजे सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट (दांड्यावरच्या पट्ट्यांमधला तिसरा घर), बरोबर 98 हर्ट्झवर. त्यामुळे प्रत्येक जी ढोल बडवल्यासारखा. शिवाय माझा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा. जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. आता तो बाराव्या फ्रेटसमोर, वीतभराहून थोडा लांब, सुमारे 25 सेंटिमीटरवर असतो, तोंड किंचित साउंडहोलकडे. नेमकी जागा शोधताना माइकला हात लावला नाही. हेडफोन घालून वाजवत खुर्चीच इंच-इंच सरकवली. बोटभर सरकलं तरी पहिल्या तारेचा कर्कशपणा कमी-जास्त होतो, हे कळल्यावर हसूच आलं. पाठीमागे कपड्यांचं कपाट उघडं ठेवतो, त्याने खोलीचा डबा-आवाज बराच कमी झाला.

लेव्हलबद्दल फार बोलत नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सर्वात जोरदार स्ट्रम उणे 10 डेसिबलच्या जवळपास. पहिल्या आठवड्यात शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकवत होतो. तेव्हाच्या लहरींची डोकी सपाट छाटलेली आहेत, ती पुन्हा उगवत नाहीत.

या आठवड्याची खरी मारामारी दुसऱ्या गिटारशी झाली. पहिला ट्रॅक ऐकत दुसरा वाजवला की तो दरवेळी किंचित मागे पडायचा. दोन दिवस मी स्वतःच्या तालाला शिव्या घातल्या. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिक ट्रॅक (ठरावीक तालात टकटक) लावला, हेडफोनचा एक कान माइकला चिकटवला आणि तेच क्लिक रेकॉर्ड केलं. झूम करून पाहिलं तर रेकॉर्ड झालेलं क्लिक 38 मिलिसेकंद उशिरा. लेटन्सी कॉम्पेन्सेशन, म्हणजे हा उशीर भरून काढणारी सेटिंग, तिच्या उणे आकड्यात तेवढे आणखी वाढवले आणि पुन्हा मोजलं: क्लिकवर क्लिक. ताल माझा अगदीच वाईट नव्हता. अगदी चांगलाही नव्हता, ते आता स्पष्ट ऐकू येतं.

काल दोन्ही ट्रॅक एकत्र बसले. हळुवार भागात मात्र टक, टक असा आवाज. तासभर केबल तपासत बसलो. शर्टाचं बटण गिटारच्या पाठीवर आपटत होतं. पुढचा टेक टी-शर्टात.