तंबूला कडी असते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न एकच असतो: "जपानमध्ये एकटी सायकलवर फिरतेस, रात्री झोपतेस कुठे? भीती नाही वाटत?" टोकियोत आम्ही राहतो त्या निशिकसाईतले आमचे मराठी शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात. पुण्याची मावशी तर फोनवर एक पाऊल पुढे जाते. "तंबूला कडी असते का गं?"

कडी नसते, चेन असते. आणि भीती वाटते, पण ती दुपारी.

जुलैत टोकियो तव्यासारखं तापतं, म्हणून मी जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर पळते. तिकडे आपल्यासारखा पावसाळा नाही, टोकियोसारखा जूनचा चिकचिकाटही नाही. सायकल सुटी करून पिशवीत भरायची, कारण इथे उघडी सायकल ट्रेनमध्ये सहसा चालत नाही. विमानाने गेलात तर शेगडीचा गॅस बरोबर नेता येत नाही, तो तिथे उतरल्यावर घ्यायचा.

ज्या दुपारी भीती वाटली, त्या दिवशी मी होक्काइदोच्या उत्तर टोकाकडच्या तेशिओला होते, गावाच्या समुद्रकाठच्या तंबूतळावर. पावणेचारला तंबूत लख्ख उजेड. अख्ख्या जपानचं घड्याळ कोबेजवळच्या आकाशी गावावरून जाणाऱ्या १३५ अंश रेखांशावर लावलंय आणि मी त्याच्या बरीच पूर्वेला, शिवाय इतक्या उत्तरेला. झोप संपली म्हणजे संपली. पोहे धुऊन ठेवले, मीठ, साखर, तिखट, लिंबाऐवजी बाटलीतला युझूचा रस. दडपे पोहे म्हणवत नाही, नारळ कुठे होता? पण गॅस वाचतो.

गाव सोडण्याआधी सेकोमार्टमध्ये जायचं. होक्काइदोत सायकलवाल्यांचा सगळा संसार या दुकानावर चालतो. मी शाकाहारी, त्यामुळे माझा संसार छोटा: ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यात, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ). बाकी बहुतेक ठिकाणी माशाचा अर्क कुठून तरी डोकावतोच. पाणी घेतलं दीड लिटर. जपानमध्ये वळणावळणावर पेयांचं यंत्र उभं असतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. तिथेच चुकले.

तेशिओ नदीचा पूल ओलांडला की १०६ क्रमांकाचा रस्ता उत्तर टोकाच्या वाक्कानाई शहरापर्यंत समुद्राला धरून जातो, जवळजवळ ७० किलोमीटर. डावीकडे समुद्र, उजवीकडे सारोबेत्सुची दलदल आणि गवत. विजेचा खांब नाही, झाड नाही, दुकान नाही. समुद्रात रिशिरी बेटाचा १७२१ मीटरचा डोंगर सकाळपासून दिसतो आणि तासन् तास तेवढाच दिसतो. आपण पेडल मारतोय की नुसतेच बसलोय, कळत नाही. पंचेचाळिसाव्या अक्षांशावर 'एन' अक्षराच्या आकाराचं स्मारक आहे. तिथे उतरले, कारण सावली नावाची वस्तू एवढीच होती, दोन वीत रुंद.

वारा समोरून. सायकल थांबवली की गोमाश्या येतात आणि कपड्यावरूनही चावतात, म्हणून थांबायचीही सोय नाही. साडेअकराला शेवटचा घोट संपला. मला एकही यंत्र दिसलं नव्हतं. ओहोळ दिसत होते, पण होक्काइदोत कोल्ह्यांमुळे पाण्यात एकिनोकोकस नावाच्या जंताच्या अंड्यांची भीती असते. न उकळता तोंडाला लावायचं नाही हे इथल्या लहान मुलांनाही शिकवतात. उकळायला बसायचं तर गोमाश्या. मावशी, भीती ही अशी असते. अंधार लागत नाही तिला.

पिशवीत तीन काकड्या होत्या. आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या बिनमाणसाच्या टपरीतून घेतलेल्या: डब्यात १०० येनचं नाणं टाकायचं, काकड्या उचलायच्या. मीठ लावून, सायकल चालवता चालवताच, देठापर्यंत खाल्ल्या. पुढचे दोन तास त्यांच्यावर निघाले. त्या दिवसापासून मी काकडीला भाजी म्हणत नाही.

वाक्कानाईला पोचल्यावर आधी पाणी, मग ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह. लोकांना तंबूचं कौतुक वाटतं, पण अशा दिवसाची खरी चैन म्हणजे ही अंघोळ. आत आपल्या न्हाणीतल्या पाटासारखं बुटकं स्टूल असतं. त्यावर बसून, बादलीने पाणी घेऊन, अंग घासून स्वच्छ करायचं आणि मगच गरम कुंडात उतरायचं. कपडे नसतात. पहिल्यांदा लाज वाटते. नंतर मांड्या इतक्या दुखत असतात की लाज आठवत नाही.

रात्री गावामागच्या टेकडीवर तंबू. संडास स्वच्छ, नळाचं पाणी पिण्याजोगं, शेजारच्या तंबूत मोटरसायकलवाला घोरतोय. एकदा जाग आली ती कानाशी करकर आवाजाने. चेन चार बोटं उघडून पाहिलं, तर हरणं तंबूच्या दोरीलगतचं गवत खात होती. एकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. मी चेन ओढून घेतली आणि पाण्याची बाटली भरलेली आहे ना, ते चाचपून पाहिलं.