धोट्याची रेघ

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्याची चार मिनिटांची फिल्म करत होतो. माग सुरू झाले की तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं. मी ट्रायपॉड लावला, १०० मिलिमीटरची लेन्स चढवली आणि उभ्या धाग्यांतून आडवं सूत नेणारा धोटा स्पष्ट यावा म्हणून शटर १/१००० सेकंदावर नेलं.

चहाच्या सुट्टीत फुटेज पाहिलं आणि पोटात गोळाच आला. चित्रावर काळसर पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटर मात्र पकडतं. जमिनीची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढली होती, आणि लांब लेन्सनं ती आणखी मोठी करून ठेवली होती.

मागावरचे मामा खांद्यावरून डोकावले. "धोटा टांगल्यागत दिसायलाय. पळायलाय कुठं?"

अगदी बरोबर होतं त्यांचं. प्रत्येक फ्रेममध्ये धोटा लख्ख, पण वेग गायब.

ट्रायपॉड मिटवला. बॅगेत गिंबल होता, हाताचे हिसके जिरवून कॅमेरा स्थिर ठेवणारा, तोही काढला नाही. गिंबलवर कॅमेरा तरंगतो. पाळीभर मागापुढं उभं राहणाऱ्याला तो कारखाना तसा दिसत नाही, असं मला मनापासून वाटतं. २४ मिलिमीटरची लेन्स लावली, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. कोपरं बरगड्यांना टेकवली, गुडघे जरा वाकवले. थरथर बरीचशी गुडघ्यांत जिरली. उरली ती राहू दिली. पट्टे गेले, आणि धोट्याच्या जागी ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून सर्रकन जाणारी एक पुसट रेघ उमटली.

तेवढ्यात धोट्यातली सुताची कांडी संपली. मामांनी माग थांबवला, धोट्यात भरलेली कांडी बसवली, धोट्याच्या भोकाला ओठ लावले आणि श्वास जोरात आत ओढला. सुताचं टोक बाहेर आलं. मी हातभर अंतरावर होतो. मिशीत अडकलेले कापसाचे तंतूसुद्धा दिसत होते. त्यांनी श्वास ओढला तसा नकळत मीही ओढला, आणि फ्रेम केसभर वर उचलली गेली.

एडिटिंगला बसल्यावर तिथं चित्राचं हलणं काढून टाकणारा स्टॅबिलायझर लावू का, असं विचारलं गेलं. मी नको म्हणालो.