सेन्सेई, ती सिबिलला सोडून का देते?

पुण्यात जपानी शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. पूर्वी माझ्याकडे येणारी मुलं चाकण-रांजणगावच्या नोकऱ्यांवर डोळा ठेवून यायची. आता निम्मी तरी अ‍ॅनिमे बघून येतात. त्यांना ‘तू’साठीचे चार उर्मट शब्द तोंडपाठ असतात आणि दुकानात पाणी कसं मागायचं ते माहीत नसतं. तास संपल्यावर सॅक भरता भरता त्यांच्यातलं कोणीतरी वर्षातून दोन-तीनदा हमखास विचारतं, "सेन्सेई, अकाने शेवटी सिबिलला सोडून का देते? सगळं कळल्यावरसुद्धा?"

आवाजात राग असतो. रात्री जागून ‘सायको-पास’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे बावीस भाग संपवलेले असतात आणि बाईने ऐनवेळी कच खाल्ली असं वाटत असतं. मी "पुढच्या तासाला सांगते" म्हणून वेळ मारून नेते. पुढच्या तासाला क्रियापदांची रूपं निघतात आणि उत्तर राहतं ते राहतंच. म्हणून आज लिहूनच टाकते. शेवट फोडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, तेव्हा ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी ती बघून मग इकडे यावं.

‘सायको-पास’ जपानात ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात रात्री उशिरा दाखवली गेली. लेखक गेन उरोबुची, निर्मिती प्रॉडक्शन आय.जी.ची. कथा सुरू होते २११२ साली, अकाने ही तरुणी पोलिसांत रुजू होते तिथून. सिबिल नावाची यंत्रणा साऱ्या जपानवर नजर ठेवून आहे. रस्तोरस्ती बसवलेले स्कॅनर येणाऱ्या-जाणाऱ्याची मनःस्थिती मोजतात. कोणी काय शिकावं, कुठे नोकरी करावी, हे सिबिल सांगते. गाणाऱ्याला गायक म्हणून मान्यता द्यायची की नाही, तेही तीच ठरवते. आणि प्रत्येकाचा एक गुन्हे-गुणांक असतो. तो शंभरावर गेला की तो माणूस ‘सुप्त गुन्हेगार’. त्याने काही केलेलं असण्याची गरज नाही. न्यायालय नाही, वकील नाही.

पोलिसांकडे डॉमिनेटर नावाची पिस्तुलं असतात. समोरच्यावर रोखली की ती त्याचा आकडा वाचतात. शंभराखाली असेल तर घोडा आपोआप अडकतो, शंभर ते दोनशे नव्व्याण्णव असेल तर माणूस बधिर होऊन पडतो, आणि तीनशेच्या वर गेला तर त्याच्या शरीराच्या चिंधड्या होतात. मला स्वतःला त्या चिंधड्यांपेक्षा पिस्तुलाची भाषा जास्त भयंकर वाटते. धरणाऱ्याच्या कानात ते बाईच्या संथ आवाजात बोलतं. "काळजीपूर्वक नेम धरून लक्ष्य नाहीसं करावं," असं ते सांगतं, आणि वाक्याच्या शेवटी असतं ‘कुदासाई’, म्हणजे ‘कृपया’. जपानात स्टेशनवर गाडी येताना "पिवळ्या रेषेच्या आत उभं राहावं" असं सांगणारा आवाज असतो ना, तोच सूर, तेच ‘कुदासाई’. मी पहिल्या महिन्यात शिकवते तो शब्द.

दुसरा शब्द ‘निगोरू’. मालिकेत प्रत्येकाच्या मनाला रंगछटा असते आणि ताण वाढला की ती ‘निगोरू’ होते, असं म्हणतात. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं काहीबाही होतं, मराठीत मात्र शब्द तयार आहे. निगोरू म्हणजे गढूळ होणं. आपणही मनाला नितळ म्हणतो, गढूळ म्हणतो. पण आपल्याकडे गढूळ पाणी थोडं तसंच ठेवलं तर गाळ खाली बसतो, ही समजूत त्या शब्दात आहे. सिबिलला तेवढा धीर नाही. तिच्या राज्यातली माणसं सकाळी उठल्याबरोबर आपली रंगछटा बघतात. दुःख झालं तर दुःखापेक्षा रंग बिघडेल याची चिंता मोठी. कागारी नावाचा पात्रांतला सर्वांत खोडकर मुलगा पाचव्या वर्षी झालेल्या तपासणीत सुप्त गुन्हेगार ठरलेला आहे. पाचव्या वर्षी! आता तो पोलिसांच्या दावणीला बांधलेला, स्वतःसारख्याच गुन्हेगारांची शिकार करणारा. एका प्रसंगात तो अकानेला स्वतःच्या हाताने रांधून खाऊ घालतो. सगळा देश एकाच प्रकारच्या संकरित ओटपासून बनवलेलं अन्न खात असताना हा गडी खऱ्या जिनसा आणून रांधत बसतो. माणूस म्हणून त्याच्याकडे उरलेलं जे काही आहे, ते त्या एका ताटात येतं. पुढे सिबिलचं गुपित बघितल्याबद्दल त्याला मारून टाकतात, तेव्हा मला ते ताट आठवतं.

आता थोडं माझं. काही वर्षांपूर्वी मी जपानात एका कंपनीत दुभाषी होते. डिसेंबर २०१५पासून तिथे ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणतपासणी घेणं कायद्याने बंधनकारक आहे. नेहमीच्या प्रश्नावलीत ५७ प्रश्न असतात. गेल्या महिन्याभरात ‘उत्साह वाटतो’ – जवळजवळ कधीच नाही, कधी कधी, वारंवार, जवळजवळ नेहमी. कायदा चांगल्या हेतूने केलेला आहे, हे आधीच सांगते. निकाल कामगाराच्याच हाती येतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला बघता येत नाही. पण ताण फार निघाला आणि डॉक्टरांशी बोलायचं झालं, तर त्यासाठीचा अर्ज कंपनीकडेच करायचा.

त्या महिन्यात मला रात्री झोप नव्हती. आई इकडे आजारी होती. आणि मी ‘उत्साह वाटतो’च्या पुढे ‘वारंवार’वर खूण केली. कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरचे साहेब माझा कागद बघून हसले आणि म्हणाले, मीही दरवर्षी तेच भरतो. मला त्या क्षणी डॉमिनेटर आठवलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. आठवलं ते रात्री, खोलीवर गेल्यावर. माझा रंग मीच नितळ दाखवून आले होते.

मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. त्यांना वाटतं, अशा गोष्टींत एका बाजूला दुष्ट यंत्रणा असते, दुसऱ्या बाजूला दबलेली जनता, आणि कोणीतरी येऊन खटका ओढायचा अवकाश असतो. पण ‘सायको-पास’मधली जनता दबलेली नाहीच, ती निवांत आहे. चौदाव्या भागात भर रस्त्यात एक माणूस एका बाईला हातोड्याने मारतो. त्याने आजूबाजूच्यांचे आकडे चोरून दाखवणारं शिरस्त्राण घातलंय, त्यामुळे स्कॅनर गप्प. आणि स्कॅनर गप्प म्हणून माणसंही गप्प. बघे घोळका करून उभे, काही जण चित्रण करतायत. ही माणसं भित्री नाहीत, दुष्टही नाहीत. समोर जे चाललंय त्याला गुन्हा म्हणतात, हे ठरवायची त्यांची सवयच गेलेली आहे. ते काम त्यांच्या आजोबांच्या पिढीनेच यंत्राला देऊन टाकलं.

अशा देशात उद्या सकाळी सिबिल बंद केली तर काय होईल? माकिशिमाला ते बघायचं आहे. तो मालिकेतला खलनायक. मुलांचा लाडका, कारण वाचलेलं बरंच आहे, केस पांढरे आहेत, आणि बोलतो फार सुंदर. तो कितीही खून करो, त्याचा आकडा वर चढत नाही, उलट उतरतो. अकराव्या भागात तो अकानेच्या मैत्रिणीला तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि अकानेचं पिस्तूल तिला नम्रपणे सांगत राहतं, की हे लक्ष्य नव्हे, घोडा अडकवला आहे. तो तिच्यापुढे जुन्या पद्धतीची साधी बंदूक टाकतो. स्वतः ठरव आणि मार. तिला जमत नाही. (इथे एक तक्रार नोंदवते. या मालिकेत बायकांची प्रेतं फार सजवून मांडलेली आहेत, आणि तपास पुढे सरकावा म्हणून बाई मरते, असं एकदा नाही, अनेकदा होतं. आवडती मालिका असली म्हणून काय झालं.)

माकिशिमाचं म्हणणं चूक नाही. आपल्या इच्छेने वागेल तेव्हाच माणसाला किंमत, असं तो म्हणतो, आणि मुलं माना डोलावतात. मीही डोलावली होती. पण शेवटी तो ज्या गोष्टीला हात घालतो ती बघा. देश ज्या ओटवर जगतो त्या पिकावर रोग सोडायला निघतो. लोकांना स्वातंत्र्य मिळावं म्हणून त्यांना उपाशी मारायचं. त्याला व्यक्ती हवी आहे, व्यक्तीचं पोट त्याच्या हिशेबात नाही.

आणि सिबिल? ती कुठलं यंत्र नाहीच. तळघरात २४७ मेंदू आहेत, सगळे माकिशिमासारखेच ज्यांचा आकडा कधी चढला नाही अशांचे. म्हणजे ज्यांना मोजता येत नाही, तेच बाकीच्यांना मोजायला बसलेत. त्यांना माकिशिमाचाही मेंदू हवा आहे, त्याला ते सहकारी करून घ्यायला तयार आहेत. हे गुपित ते अकानेला स्वतःहून सांगतात. कारण त्यांना खात्री आहे, की ही मुलगी रागावेल, पण दुसऱ्या दिवशी लोकांचं काय होईल याचा विचारही करेल.

ती करतेच. पहिल्या भागातली अकाने आठवा. नोकरीचा पहिला दिवस. ज्या बाईवर अत्याचार झालाय तिचाच आकडा भीतीने चढत चाललाय, आणि पिस्तूल सांगतंय की हिला नाहीशी करावं, कुदासाई. तिच्या हाताखालचा कोगामी नेम धरतो. अकाने आपल्याच माणसाला पाठीमागून बधिर करते आणि त्या बाईशी बोलायला जाते. सांडलेल्या तेलात उभी, हातात लायटर, अशा बाईशी. बोलता बोलता आकडा उतरतो. सगळ्या मालिकेत मला सर्वांत बंडखोर वाटतो तो हा प्रसंग, आणि त्यात काहीही फुटत नाही. यंत्राने ठरवलं होतं, घोड्यावर बोट मात्र माणसाचं होतं, आणि त्या बोटाने ऐकलं नाही.

याच्या जोडीला त्याच हंगामातली ‘शिन-सेकाई-योरी’ बघा असं मी मुलांना सांगते. तिथे गावाच्या नियमात न बसणारी मुलं वर्गातून नाहीशी होतात आणि उरलेल्यांच्या आठवणीही पुसतात, इतक्या की बाक रिकामं का आहे हे कोणाला आठवत नाही. हे जरा अतीच, असं मला वाटायचं. मग २०१७मध्ये ओसाकातल्या एका शाळकरी मुलीचा खटला वाचला. तिचे केस जन्मतः तपकिरी, असं तिचं म्हणणं, आणि शाळा पुन्हा पुन्हा काळे करायला लावत होती. ती शाळेत येईनाशी झाली, तेव्हा तिचं नाव पटावरून काढलं आणि वर्गातली तिची जागाही. २०२१मध्ये न्यायालयाने काळ्या केसांचा नियम योग्यच ठरवला. नाव आणि बाक काढल्याबद्दल मात्र तिला ३,३०,००० येन द्यायला लावले. चारचौघांसारखं राहा, हे आपल्याकडे आई सांगते. तिथे ते नियमपुस्तिकेत छापलेलं असतं, एवढाच काय तो फरक.

तर, शेवट. अकाने सिबिलला सांगते, की एक ना एक दिवस कोणीतरी या खोलीत येऊन वीज तोडेल. ‘मी’ नाही, ‘आज’ नाही. मुलांना ही पळवाट वाटते. पण त्याआधी ती कोगामीला जे म्हणते ते मूळ जपानीत ऐकायला हवं. कोगामी माकिशिमावर सूड घ्यायला निघालाय, कायदा नालायक आहे म्हणून. ती म्हणते, कायदा माणसांना ‘मामोरू’ करत नाही, माणसं कायद्याला ‘मामोरू’ करतात. इंग्रजीत दोन्हीकडे ‘प्रोटेक्ट’ घातलंय आणि निम्मा अर्थ सांडलाय. मामोरू म्हणजे रक्षण करणं, आणि मामोरू म्हणजेच नियम पाळणं. एकच क्रियापद. आपल्याकडे ‘पालन’ तसंच आहे, प्रजेचं पालन आणि आज्ञेचं पालन. सिबिलच्या राज्यात प्रजेला दोन्ही अर्थांनी पाळलेलं आहे. अकाने तो शब्द उलटा फिरवते. कायदा ही जर जपायची वस्तू असेल तर ती जपणारा कोणीतरी लागतो, आणि त्याला काय जपतोय हे कळावं लागतं. असा माणूस तिच्या देशात सध्या जवळजवळ एकच आहे, ती स्वतः. वीज तोडून तिने काय करावं? आधी दुसरा, तिसरा तयार व्हायला हवा.

तिचं आडनाव त्सुनेमोरी. त्यातलं ‘मोरी’ लिहायचं चित्राक्षर आणि ‘मामोरू’चं चित्राक्षर एकच. ‘त्सुने’ म्हणजे नेहमी.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण झालं. परवा चाचणीत ‘होओरित्सु ओ मामोरू’चं मराठी करायला दिलं होतं. अपेक्षित उत्तर, ‘कायदा पाळणे’. एका मुलाने ‘कायदा राखणे’ लिहिलं. मी लाल फुली मारली. पेपर परत घेऊन तो माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, "पण सेन्सेई, अकाने म्हणते तेव्हा?" मी पेपर पुन्हा घेतला, जरा वेळ बघितला, आणि अर्धा गुण दिला. तो अजून उरलेल्या अर्ध्यासाठी भांडतोय.