हरलेल्यांना काय?

गुरुवार, रात्री उशिरा

जॅमपॅड या बँडांच्या सरावखोलीवाल्या काकांनी आमच्या बँड-स्पर्धेचं पोस्टर लावू दिलं, चिकटपट्टीही स्वतःचीच काढून दिली. मग चष्मा कपाळावर सरकवून बक्षिसाची ओळ वाचली आणि विचारलं, "आणि हरलेल्यांना काय?"

मी म्हटलं, "एक्स्पोजर."

हसले असते तर बरं झालं असतं. नुसतं "हं" म्हणाले आणि गिटारच्या तुटक्या जॅकला सोल्डर मारत बसले.

चिडायला आज इतर कारणं कमी नव्हती. कर्वे रोडवरच्या पोस्टरवर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढलाय. कॉलेजच्या ग्रुपांवर मेसेज टाकले की निळ्या खुणा तेवढ्या येतात. दादाने तर साधी रील शेअर केली नाही, पण ते असो. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालू आहे, पोरंपोरी न बोलावता रांगेत उभी. आणि माझ्याकडे आलेल्या फॉर्मांतल्या तीन बँडांचा ड्रमर एकच! मीच काय ते गावभर बोंबलत फिरायचं. कुणासाठी, देव जाणे.

पण रात्री परत काकांचंच. हरलेल्यांना काय?

नियम मीच लिहिलेत. वीस मिनिटं, साउंडचेक धरून. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, चालेल, पण एक गाणं स्वतःचं हवंच. म्हणजे चार पोरं तासाचं भाडं भरून कुठेतरी ते एक गाणं बसवणार, ते एकदाच वाजणार, परीक्षक 'मौलिकता'च्या रकान्यात सहा लिहिणार, आणि ती गिटारी रिक्षात कोंबून घरी. याला मी एक्स्पोजर म्हणाले. आमच्यासमोरच्या खुर्च्यांवर बसणार कोण, तर दुसऱ्या बँडांच्या मैत्रिणी.

झोप येईना म्हणून शिमला बीटची जुनी रेकॉर्डिंगं लावली. सत्तरच्या दशकाच्या तोंडावर सिगारेट खपवायला भरवलेली बँडांची स्पर्धा, मुंबईत षण्मुखानंदला. शिलाँगचे फेन्टोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, कुठून कुठून आलेली पोरं. 1970 आणि 1971, दोन्ही वर्षी आयोजकांनी बऱ्याच बँडांची मिळून एलपी (मोठी तबकडी) काढली. आज ती ऐकताना पहिला कोण आणि चौथा कोण हे डोक्यातही येत नाही. हिशेब सगळा धूर विकण्याचा, पण गाणी तरी राहिली. मुंबईतच रंगभवनात 1986 पासून रॉक बँडांचं आय-रॉक गाजलं, पुढे ती जागाच शांतता क्षेत्रात गेली. आमचं तर दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद; गाजायलासुद्धा वेळ नाही.

साउंडवाल्याला तेव्हाच मेसेज टाकला, प्रत्येक बँडचं रेकॉर्डिंग मिळेल का? तोही जागाच होता. "मिक्सरला पेनड्राइव्ह लावतो ताई, स्टिरिओ मिळेल. जास्त अपेक्षा नको." अपेक्षा कसली. छोट्या हॉलमध्ये गिटार अ‍ॅम्पमधूनच दणदणते, मिक्सरमधून फारशी जातच नाही. म्हणजे पेनड्राइव्हवर सगळीकडे गाणाराच गाणारा, आणि मागे कुठेतरी शेजारच्या घरात वाजावी तशी गिटार. गिटारवाले मला शिव्या घालणार, हे नक्की.

तरी ओळ वाढवली: 'प्रत्येक बँडला आपल्या सेटचं रेकॉर्डिंग मिळेल.' नवीन प्रिंटचे पैसे कुठून काढायचे ते उद्या बघू. नाहीतर जुन्यावरच मार्करने लिहायचं, तसंही कोण वाचतंय.

लिहीपर्यंत सांगलीच्या बँडचा मेसेज आला. रेकॉर्डिंगचं विचारलं नाही, बक्षिसाचंही नाही. शेवटची एसटी गाठायची आहे, पहिल्या दोनांत नंबर लावाल का? लावला दुसरा. आता चिठ्ठ्या टाकून क्रम ठरणार म्हणून जाहीर केलंय त्याचं काय, यावरून बाकीचे भांडतील. भांडू देत, निदान कुणीतरी उत्तर तरी देईल.